पाच पितळी खुंट्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आज मला डबाच म्हणायचे. पण पंचवीस वर्षे सगळे मला कॉम्प्युटर म्हणत असत. टेबलावर आडवा बसणारा, डोक्यावर मॉनिटर घेणारा, अशा जातीचा मी. चिपा, तारा आणि मदरबोर्ड नावाची हिरवी पाटी माझ्या पोटात राहत. घर वेगळे आणि घरातले वेगळे, हे मला कधी कळलेच नाही. जे काही होते ते मीच, असे मी समजत होतो.

अमरावतीच्या एका लहानशा अंध वाचनालयात मी आलो, तो ट्रकमधून, थर्माकोलच्या खोक्यात बसून. वाचनालय धर्मेंद्रभाऊ चालवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलेले पुस्तक ते कानांनी ऐकत आणि ब्रेलच्या सहा ठिपक्यांसाठी कीबोर्डच्या सहा कळांवर बोटे चालवत. मग शेजारचा ब्रेल प्रिंटर ठणठण करत जाड कागदावर ठिपके उठवी. तो प्रिंटर आणि त्याचा जुना प्रोग्राम फक्त माझ्याशीच बोलत. नवे कॉम्प्युटर येऊन गेले, पण एकालाही ते जमले नाही.

रोज सकाळी धर्मेंद्रभाऊ खिशातली दस्ती काढून मला पुसत. बटण दाबले की मी एकदा ‘पीं’ करी आणि ते म्हणत, "चला, उठला आपला गडी." पाहुणे आले की विचारत, "याच्यातूनच पुस्तकं निघतात का जी?" तेव्हा माझा पत्रा फुगून यायचा.

पण वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. खिडकीतला कुलर माझ्या डाव्या कुशीवर ओली हवा सोडी. आत पाहणारे कुणी नव्हते आणि मीही कधी कुरकुरलो नाही. वर्षानुवर्षे गंज आतल्या आत मला खात राहिला. गेल्या डिसेंबरात एका सकाळी बटण दाबले, तर ‘पीं’ झालेच नाही.

ती वेळ फार वाईट होती. धामणगाव रेल्वे या गावची आकांक्षा दर शनिवारी गाडीने वाचनालयात येई. तिलाही दिसत नाही. जानेवारीत तिची नोकरीची परीक्षा होती आणि तिच्या भूगोलाचे पुस्तक अर्धेच छापून झाले होते.

धर्मेंद्रभाऊंनी अकोल्याहून गोपालला बोलावले. जुनी यंत्रे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याने माझे झाकण उघडले आणि नाक मुरडले.

"पॉवर सप्लाय गेला, भाऊ. अन् डबा तं पार सडला. या मापाचा सप्लाय आता भेटत नाही. आतलं सामान मातर खणखणीत आहे."

"मंग कसं करायचं?"

"माह्यापाशी एक उभा डबा, टावर, पडून आहे, सप्लायसकट. याचं सामान त्याच्यात बसवतो."

पुढच्या शनिवारी तो टॉवर आला, एसटीतून, चादरीत गुंडाळून, गोपालच्या मांडीवर बसून! मला कुणी कधी मांडीवर घेतले नव्हते. धर्मेंद्रभाऊंनी त्याच्यावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "उंच आहे रे बापा!" ते म्हणाले. तेवढ्या एका शब्दाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षे तो हात माझा होता.

मग गोपालने एकेक करून माझे पोट रिकामे केले. पाटी, डिस्क, कार्डे सगळी त्या उभ्याच्या पोटात गेली आणि मी कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी. मित्रांनो, त्या वेळी मी मनात काय मागितले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. हे यंत्र त्याच्या पोटात कधीच सुरू होऊ नये, असे मी मागितले.

गोपालने बटण दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले. काहीच नाही. गंजलेल्या पत्र्याला हसता येत असते तर मी खदखदून हसलो असतो.

तेवढ्यात बाकावर बसलेली आकांक्षा हळूच म्हणाली, "राहू द्या, भाऊ. मी मोबाइलवर ऐकून करीन अभ्यास."

"जमन का?" धर्मेंद्रभाऊंनी विचारले.

"धडे जमतीन जी. पण नकाशा कसा ऐकू? नदी कुठून कुठं जाते ते बोटाले समजते, कानाले नाही समजत."

माझ्या आनंदाला तिथेच आंबूस वास येऊ लागला.

गोपाल टॉर्च घेऊन टॉवरच्या पोटात डोकावला. "अरे, पाटी मांगून पत्र्याले टेकून राहिली! याच्या पितळी खुंट्याच नाहीत. पाटी अधांतरी राहिली पाहिजे. नशीब, जळली नाही." मग त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या तळाशी तशा पाच खुंट्या होत्या.

चार निघाल्या. पाचवी गंजात रुतली होती. पक्कड घसरत राहिली. मीच ती घट्ट धरून ठेवली होती म्हणा ना!

"हा काही देत नाही. हातोडी हाणतो एक."

"काहून? त्यानं काय बिघडवलं आपलं?" असे म्हणून धर्मेंद्रभाऊ जमिनीवर माझ्याजवळ बसले. शेजारच्या टेलरकडून शिलाई मशीनचे तेल आणवले आणि खुंटी बोटाने चाचपून तिच्या मुळाशी थेंब सोडला. "घाई नको करू, गोपाल. गंजलेल्याले वेळ द्या लागते."

पाच-दहा मिनिटे ते तसेच हात ठेवून बसले. मग खुंटी फिरली. ती मी खुशीने दिली, असे म्हणालो तर ते खोटे होईल. ती तेलाने सोडवली. पण तो हात अंगावर असताना मलाही अडून बसावेसे वाटले नाही.

या वेळी ‘पीं’ झाले. आवाज जाड होता, परका होता. आकांक्षाने टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आले. कशाचे ते अजून नीट सांगता येत नाही.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी पुस्तक पूर्ण झाले, नकाशांसकट. त्याच दिवशी गोपाल मला भंगारात न्यायला आला. धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "त्याले राहू दे. प्रिंटर त्या स्टुलावर नाचून राहिला. याच्यावर ठेवून पाह्य बरं." मला घासले, तांबडा रंग दिला आणि तो जड प्रिंटर माझ्या पाठीवर बसवला. तो जराही हलला नाही.

मित्रांनो, हेवा वाईट असतो, हे तुम्हांला तुमच्या गुरुजींनी सांगितलेच असेल. मी वेगळे सांगतो. घरातल्या यंत्रांना ओल्या हवेत ठेवू नका, अधूनमधून झाकण उघडून आत डोकावत जा. आणि एखादे रिकामे झालेच, तर टाकण्याआधी ते अजून किती वजन पेलते, तेवढे बघा.

आता पुस्तक छापायला लागले की प्रत्येक ठिपका आधी माझ्या पत्र्यात घुमतो, मग वाचणाऱ्याच्या बोटापर्यंत जातो. त्या उभ्याला शेजारी बसून नुसते ऐकावे लागते. आणि खरे सांगू? ते मला फार आवडते.