सत्कारमूर्ती

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण पद्मिनीबाईंनी सांगलीच्या शाळेत जन्मभर शिकवली, पण ती डोळ्यांनी बघायला त्यांना अमेरिकेत, हर्नडनच्या पलीकडच्या त्या चिमुकल्या गावच्या कौन्सिलात यावं लागलं. मेयर धरून सहा मोठी माणसं, पुढ्यात नावांच्या पाट्या, आणि चर्चा कसली, तर झाडांची पडलेली पानं भरायच्या पिशव्या कागदी असाव्यात की प्लॅस्टिकच्या! एकाने नमुन्याची पिशवी आणली होती. त्याने तिच्यात कोपरापर्यंत हात घालून दाखवला आणि बाकीच्यांनी तो गंभीरपणे पाहिला.

बाईंचा विषय त्यानंतर होता. त्यांच्या गल्लीत रविवारी रहिवाशांखेरीज कोणी गाडी लावायची नाही, असा नियम येऊ घातला होता. कारण बाईंचा वर्ग. रविवारी दुपारी मुलाच्या घराच्या बेसमेंटमध्ये त्या मराठी पोरांना पेटीवर गाणी शिकवत. पोरं गाड्यांतून येत आणि त्या गाड्या गल्लीत उभ्या राहत. समोरच्या घरातल्या गृहस्थाला खिडकीतून परक्या गाड्या दिसत. तेवढ्यावर त्याचा रविवार नासत होता बिचाऱ्याचा.

वर्ग गेला तर बाईंचं काय उरणार होतं? मुलगा-सून कामावर, नात रुही कॉलेजात. आठवडाभर त्या डिशवॉशर लावत आणि रविवारची वाट बघत. रविवारी मात्र त्या पुन्हा ‘बाई’ होत. लायब्ररीवाले खोली द्यायला तयार होते, पण तिथे गायला मनाई. गाण्याच्या वर्गाला गप्प बसायची खोली! अकलेचे कांदे सगळीकडे पिकतात, त्याला व्हर्जिनियाची माती वर्ज्य नाही.

त्यातल्या त्यात माणूस म्हणावी अशी एक मिसेस ओल्सन. ही कौन्सिलर वर्ग बघायला आली, बूट काढून सतरंजीवर बसली आणि पोरांबरोबर टाळ्या वाजवून गेली. तिचं मत बाईंच्या बाजूने होतं. तिच्यासकट तीन इकडे, तीन तिकडे. मतं समसमान पडली की नियम बारगळणार, हे रुहीने आजीला नीट समजावून सांगितलं होतं.

बाईंनी भाषण तयार केलं होतं. रुहीने उच्चार घोटून घेतले होते. पण एका गटातर्फे एकालाच बोलता येतं, तेही तीन मिनिटं, हे कळल्याबरोबर मराठी मंडळाचे अध्यक्ष शशिकांत यांनी स्वतःचं नाव देऊन टाकलं.

“काकू, तुम्ही कशाला टेन्शन घेता? मी हँडल करतो ना. मंडळाकडून बोललं की ऑफिशियल वाटतं.”

हातातली जाड पिशवी सांभाळत शशिकांत माइकपाशी गेले. बाईंना वाटलं, पिशवीत कागदपत्रं असतील. वेड्याच त्या.

शशिकांतनी आधी सहाही जणांची नावं घेऊन त्यांचे आभार मानले. मग मंडळाची स्थापना कशी झाली ते सांगितलं. मग आमच्या संस्कृतीत पाहुण्यांचा मान कसा राखतात, ते. बाई खुर्चीत चुळबुळत होत्या. ‘अरे, पार्किंग म्हण! एकदा तरी पार्किंग म्हण!’ पण शशिकांतनी पिशवीत हात घातला, शाल आणि नारळ काढला आणि कोणाला काही कळायच्या आत टेबलाला वळसा घालून शाल मिसेस ओल्सनच्या खांद्यांवर टाकली. नारळ तिच्या हातात दिला. मंडळाच्या चिटणिसाने फोटो काढला. सवयीने मंडळींनी टाळ्या वाजवल्या. घंटा झाली. तीन मिनिटं संपली.

टाळ्या थांबल्यावर कौन्सिलचा वकील घसा खाकरून उठला. ज्यांचं प्रकरण समोर आहे त्यांच्याकडून भेट स्वीकारली गेली आहे, सबब मिसेस ओल्सन यांना यावर मत देता येणार नाही. तिने शाल काढून परत करू पाहिली. वकील म्हणाला, घेतली ती घेतली. मघाशी पानांच्या पिशवीत हात घालणाऱ्या गृहस्थाने मान डोलावली. पाच-सात डॉलरच्या शालीने लोकशाही बाटली म्हणे!

“आजी,” रुही कुजबुजली, “शी कान्ट व्होट नाऊ.”

तीन विरुद्ध दोन. नियम पास.

बाईंना रडू आलं, पण ते रागाचं होतं. त्या विरुद्ध मत देणाऱ्या तिघांचा राग होताच. ते परके, त्यांना काय ठाऊक? पण आपल्या माणसाने, आपल्याच शालीने गळा आवळावा? मिसेस ओल्सन बाहेर आली, तिने बाईंचा हात हातात घेतला आणि नारळ कुठे ठेवावा ते न कळून तो काखेत घेऊनच निघून गेली.

पार्किंग लॉटमध्ये शशिकांत खुशीत होते.

“नियम काय, पुढे बघू. पण इम्प्रेशन काय पडलं, काकू! फोटो न्यूजलेटरमध्ये पहिल्या पानावर. आणि वर्ग बंद होतोय तर दिवाळीच्या कार्यक्रमात तुमचाही सत्कार करून टाकू. एवढी वर्षं शिकवलंत.”

बाईंनी पदर खोचला. “शाल नको मला. त्या दिवशी मला तीन मिनिटं बोलायला द्या.”

“अहो, नक्की!” शशिकांतनी गाडीचं दार उघडलं. “आभारप्रदर्शनानंतर वेळ उरला तर.”