सहा महिन्यांचा कोर्स

थाप मारली विकीने, पण ती निस्तरायची वेळ आली संघमित्रावर. नेहमीचंच आहे हे. धाकटे भाऊ बोलून मोकळे होतात आणि थोरल्या बहिणी निस्तरत बसतात.

मार्चमध्ये अण्णांच्या फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी दोघा भावंडांना आत बोलावून सांगितलं: कॅन्सर आहे, पसरलाय, बरा होणार नाही, रोजच्या एका गोळीने काही काळ आटोक्यात राहील. बाहेर बाकावर अण्णा बसलेले. अडुसष्ट वर्षांचे सीतारामअण्णा, महानगरपालिकेतून मुकादम म्हणून रिटायर झालेले, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले रे?" आणि विकी पटकन बोलून गेला, "टीबी आहे, अण्णा. सहा महिन्यांचा कोर्स." संघमित्राने त्याच्याकडे बघितलं आणि ती गप्प बसली. तिचा गुन्हा एवढाच. त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

अहो, पण थाप मारायची तर समोरचा माणूस बघून मारावी! अण्णांची थोरली बहीण, द्रौपदीआक्का, परतूरजवळच्या त्यांच्या गावात टीबीनेच गेली होती. तिच्या गोधडीत झोपणारा तीन वर्षांचा भाऊ तिच्यामागोमाग गेला. हे विकी आणि संघमित्राने लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. पण ऐन वेळी आठवेल तर शपथ.

अण्णांनी त्याच संध्याकाळी आपलं ताट, तांब्या आणि कप वेगळा केला. पलंग गॅलरीत हलवला. आणि प्रांजलला सांगितलं, "बाळा, सहा महिने आजोबांजवळ यायचं नाही." प्रांजल ही संघमित्राची मुलगी, सात वर्षांची. नवऱ्याशी फाटल्यापासून संघमित्रा तिला घेऊन पंतनगरला अण्णांकडेच राहत होती. स्वतः दिवसभर अंधेरीला ऑफिसात, आणि पोर आजोबांच्या अंगाखांद्यावर. वेणी आजोबांनी घालायची, शाळेत आजोबांनी सोडायचं, भातसुद्धा आजोबांच्याच हातचा. ते पहिले आठ दिवस ती गॅलरीच्या दारात उभी राहून हुंदके द्यायची आणि अण्णा आतून मास्क लावून ओरडायचे, "मागे हो! मागे हो म्हणतो ना!" मग पोर शिकली.

"अण्णा, औषध सुरू झालं की पंधरा दिवसांनी नाही लागत कुणाला," संघमित्राने किती वेळा सांगून बघितलं.

"डॉक्टरांना काय जातं सांगायला? आक्काचं मी डोळ्यांनी बघितलंय."

तो वेगळा कप दिसला की संघमित्रा तोंड फिरवायची. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांना वेगळ्या कपात चहा देतात म्हणून मालकाशी भांडून हा माणूस एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आला. पुढे जन्मभर, ज्या घरात तसला नुसता संशय आला, तिथे पाणीसुद्धा प्यायला नाही. आणि तो आता स्वतःच्या घरात स्वतःचा कप निराळा विसळून पालथा घालत होता. का, तर पोरांना खरं बोलायची छाती झाली नाही! गोळ्या पाकिटातून काढून साध्या डबीत भरून द्यायच्या, आणि आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले. विकी मुलुंडहून फोनवर म्हणायचा, "ताई, खचतील ना ते. कशाला उगाच?"

सप्टेंबरात स्कॅनमध्ये दिसलं, गोळीने काम सोडलंय. आता यकृतातही पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, सलाइनमधून केमो देता येईल. दिली तर सहा-सात महिने मिळतील, त्यातले बरेचसे अंथरुणात. नाही दिली तर दोन, फार तर तीन. त्यांनी संमतीपत्र तिच्या हातात ठेवलं. मराठीतच होतं, आणि वर ठळक अक्षरांत 'कर्करोग'.

"सही पेशंटचीच लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि आता तरी सांगा हो त्यांना. शरीर त्यांचं आहे."

विकीचा तोडगा तयारच होता. "तूच ठोक ना सही. अण्णांची सही काय कठीण आहे?"

"आणखी एक शब्द बोललास ना विकी, तर घरी येऊन थोबाडीन," असं म्हणून तिने फोन कट केला.

शनिवारी दुपारी, प्रांजल शाळेतून यायच्या आत, ती गॅलरीत गेली. अण्णा खुशीत होते. गालफडं बसलेली, दोन पावलं टाकली तरी धाप, पण खुशीत. "अगं, अठ्ठावीस तारखेला कोर्स संपतो," ते म्हणाले. "मग मी आणि प्रांजल..." पुढचं खोकल्यात गेलं.

संघमित्रा खाली फरशीवर बसली. खोकला थांबेपर्यंत थांबली आणि एका दमात बोलली. "अण्णा, तुम्हाला टीबी नाही. कधीच नव्हता. फुप्फुसाचा कॅन्सर आहे. आम्ही खोटं बोललो."

तिने कागद पुढे केला. अण्णांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं. आता मारतील, तिला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे लागत नाही?" अण्णांनी विचारलं.

"काय?"

"कॅन्सर. दुसऱ्याला लागत नाही ना?"

"नाही, अण्णा."

"कधीच लागत नव्हता?"

ओढणी तोंडात कोंबून ती रडायला लागली.

"हरामखोरांनो," अण्णा म्हणाले, "सहा महिने मी त्या लेकराला कुत्र्यासारखं हाडहाड केलं." ओरडायला छातीत हवा नव्हती. शिवीसुद्धा धापा टाकत बाहेर आली.

मग कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही सलाइन घेतल्यावर पोर जवळ आलेली चालते?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. चालते म्हटलं असतं की सही मिळाली असती. सही मिळाली की चार महिने जास्त मिळाले असते, आणि तिला ते हवे होते, कसेही हवे होते.

"नाही चालत," ती म्हणाली. "अंगातली ताकद जाते. शाळेतल्या पोरांना सर्दी-खोकला असतो, त्यांना लांब ठेवावं लागतं."

"किती दिवस?"

"केमो चालू असेपर्यंत."

अण्णांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. "मग नको."

"अण्णा, दोनच महिने उरतील मग! जरा विचार करा ना. मी काय करू तुमच्याशिवाय?"

"सहा महिने तुम्हीच केलात ना विचार? आता मला करू दे."

तेवढ्यात प्रांजल आली. दप्तर टाकून गॅलरीच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. अण्णांनी मास्क काढून टाकला होता. त्यांचे दोन्ही हात पुढे झाले.

"ये गं. ये, माझ्याजवळ ये."

प्रांजलने मान हलवली. खिशातून आपला मास्क काढून नाकावर चढवला. "नको आजोबा. मला पण होईल."

"नाही होत गं, वेडाबाई!" अण्णा हसत होते. सहा महिन्यांत त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता. "मला टीबी नाहीच आहे! कॅन्सर आहे! कॅन्सर आहे गं मला, ये!"

प्रांजल आणखी एक पाऊल मागे सरली.