थोडंफार येतं

नंदानं उत्तरांचा कागद कारखानिसांच्या टेबलावर आपटला.

"तपासा. पंचवीस मिनिटांत झालाय."

कारखानिसांनी लाल पेन उचललं. नॉटिंगहॅमच्या या कॉलेजात पायाभरणीच्या वर्गाला ते बारा वर्षं गणित शिकवत होते, आणि गेला महिनाभर नंदा त्याच वर्गात मागच्या बाकावर बसून अपूर्णांकांची बेरीज शिकत होती. पुण्याची बी.एस्सी., गणितात पहिला वर्ग! आणि इथे पाव अधिक अर्धा किती, म्हणे.

चूक तिचीच होती, हेच तर जास्त झोंबत होतं. प्रवेशाच्या मुलाखतीत यांनीच विचारलं होतं, गणित येतं का? शेजारी कॉलेजची मॅडम बसलेली, म्हणून इंग्रजीत. नंदानं खाली बघत सांगितलं, थोडंफार येतं. आता परक्या लोकांपुढे "हो, मला सगळं येतं" असं कोण म्हणतं? सर्टिफिकेट पर्समध्येच राहिलं. कोणी मागितलं नाही, मग आपणहून कशाला नाचवायचं? मॅडमनी 'थोडंफार' लिहून घेतलं आणि झालं. विद्यापीठाची वाट उघडणाऱ्या अ‍ॅक्सेसच्या वर्गाऐवजी नंदाला एक वर्ष खाली बसवलं. ते वर्ष तिच्यापाशी नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याची, जयंतची, बेसिंगस्टोकला बदली होती. यंदा अ‍ॅक्सेस झाला तरच रेडिओग्राफीची डिग्री. नाहीतर चाळिशीत, नव्या गावात, परत पहिल्यापासून पाव अधिक अर्धा.

"अठ्ठ्याण्णव," कारखानीस म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल अजिबात नव्हतं.

"मग वर्ग बदलायच्या फॉर्मवर सही करा. वरच्या वर्गात एकच जागा उरलीय, तीही शुक्रवारपर्यंत."

"तुम्ही गेलात की माझ्याकडे नऊ जणी राहतात. दहाच्या खाली आकडा गेला की कॉलेज वर्ग बंद करतं. त्या नऊ जणींनी कुठे जायचं?"

"ते मला काय विचारता? मी काय त्यांचा ठेका घेतलाय?"

नंदा वाकून त्यांच्याकडे बघायला लागली.

"तुम्ही मराठी माणूस. मी थोडंफार म्हटलं, त्याचा अर्थ तुम्हाला कळला नव्हता?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कळला होता."

"आणि तरी गप्प बसलात?"

"तेव्हाही नऊच होत्या."

नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. असला आपला माणूस असण्यापेक्षा परका परवडला!

"लाज नाही वाटली?"

"वाटते ना. तुम्ही फळ्यावरचे अपूर्णांक उतरवून घेता तेव्हा रोज वाटते." त्यांनी टोपण काढलं, फॉर्मवर सही केली आणि एका बोटानं तो तिच्याकडे सरकवला. "घ्या. निघा आता."

ती निघालीच. आभारबिभार मानायचा प्रश्नच नव्हता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डोरीन उभी होती. वर्गात नंदाच्या शेजारी बसणारी, शाळेच्या मुलांना जेवण वाढायचं काम करणारी, पन्नाशीची बाई. तिच्या काखेत वही होती आणि हातात मशीनच्या चहाचे दोन कप. एक नंदासाठी.

"मी वर चालले, डोरीन!" नंदाला राहवेना. "परीक्षा दिली. अठ्ठ्याण्णव मिळाले."

"अठ्ठ्याण्णव? एका महिन्यात?"

"छे गं, हे मला आधीपासूनच येतं. गणितातच तर डिग्री आहे माझी."

डोरीन हसत होती, ती थांबली.

"मग गुरुवारी मी तुला शिकवत होते, ते काय होतं?"

गुरुवारी डोरीनला समच्छेद पहिल्यांदा समजला होता. त्या आनंदात तिनं वहीत केकचे आठ तुकडे काढून नंदाला समजावलं होतं, आणि नंदा म्हणाली होती, अस्सं होय, आत्ता कळलं.

"तू इतक्या हौसेनं सांगत होतीस," नंदा म्हणाली. "मला येतं म्हणून मधेच तोडायचं कसं?"

"मी घरी सांगितलं. नवऱ्याला, लेकीला. म्हटलं, आज मी एकीला गणित शिकवलं." तिचा आवाज चढला. "आणि तू मनातल्या मनात हसत होतीस!"

"देवाशपथ नाही! आमच्यात असं तोंडावर..."

"खोटारडी आहेस तू."

डोरीननं दोन्ही कप खिडकीत ठेवले. वही घडी करून कोटाच्या खिशात कोंबली. वर्गाचं दार डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली आणि जिना उतरायला लागली. नंदानं दोनदा हाक मारली. खालचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

कारखानीस हजेरीचा कागद घेऊन बाहेर आले, तिच्याकडे न बघता वर्गात शिरले. आत नावं पुकारली जाऊ लागली. नंदा सही झालेला फॉर्म घेऊन तिथंच उभी होती. डोरीनचं नाव त्यांनी दोनदा पुकारलं.