कोऱ्या टॉवेलचे पाणी

अपेक्षाने काचेची नळी दिव्याखाली धरली, तेव्हा ती हिरवी चमकत होती. ती चमकू नये, एवढ्याच आशेने मी विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत सकाळपासून बसलो होतो.

भवानी पेठेतील आमच्या कापड रंगवण्याच्या लहानशा डाइंग हाउसमध्ये मी टॉवेलला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देऊन पाहिला होता. ओलसर टॉवेलला कुबट वास येऊ नये, इतकाच हेतू. वस्त्ररसायनाची पदविका घेतलेल्या माणसाला निवृत्तीतही स्वस्थ बसवत नाही. पहिला टॉवेल मी कौतुकाने माळशिरसला, थोरली नात सुकन्या हिच्या बाळासाठी पाठवला. माझा पणतू रोज आंघोळीनंतर त्यातच गुंडाळला जाई.

हे कळले तेव्हा धाकटी नात अपेक्षा माझ्यावर उखडली. अशा कणांवरच तिचे संशोधन चालू आहे.

"आजोबा, हे कण जंतूंचं आवरण फोडू शकतात म्हणून तर तुम्ही ते वापरता. मग बाळाच्या पेशींचं आवरण ते ओळखून सोडून देतील?"

मी डाइंग हाउसमधून चांदीच्या आणि कोऱ्या टॉवेलचे नमुने मागवून तिच्या स्वाधीन केले.

पेशीभोवती मेदाच्या रेणूंचा दुपदरी पापुद्रा असतो. अपेक्षा तशाच पापुद्र्याचे सूक्ष्म फुगे बनवते आणि त्यांत रंगद्रव्य कोंडते. कोंडलेले असेतो ते दाटीमुळे चमकत नाही. पापुद्रा फाटून बाहेर सांडले, की चमकते. टॉवेलचा तुकडा भिजवलेले पाणी तिने या फुग्यांवर सोडले होते.

"कण नुसते चिकटले असतील का गं?"

"नुसते चिकटून एवढी चमक येत नाही, आजोबा. फाटलंय."

मी तिथूनच सुकन्येला फोन लावला. "तो टॉवेल बाजूला ठेव. बाळाला जुन्या लुगड्यात घे."

"का हो? काय झालंय? तुम्ही मला घाबरवताय."

"सांगतो. आधी ठेव."

मागे बाळ रडत होते. एरवी मला ते भुकेचे वाटले असते. आज वाटले नाही.

मी फोन ठेवला तेव्हा अपेक्षा दुसरी नळी भरत होती. "कोऱ्या टॉवेलचं पाणी लावते. बिनचांदीचा तुकडाही तपासल्याशिवाय मी काहीच मानणार नाही."

थोड्या वेळाने ती नळीही तितकीच हिरवी झाली.

अपेक्षा माझ्याकडे वळली.

"यात चांदी नाही?"

"कणभरही नाही. मीच बाजूला काढून ठेवायला सांगितला होता."

"मग दोन्ही तुकड्यांना आणखी काय लागलंय?"

दोन्हींना लागला होता तो आमच्या चन्नप्पाचा हात. तो आमच्याकडचा जुना रंगारी, अक्कलकोटकडचा. फोनचा आवाज मोठा करून मी विचारले, "चन्नप्पा, टॉवेलचं शाम्पल कशात धुतलंस?"

"कशात म्हंजे? साबनात की, मास्तर. युनिवर्सिटीला जानार म्हनून दोनदा मारला. मळकं शाम्पल दिऊन तुमचं नाव घालवू व्हय?"

"आणि नंतर खळबळलंस किती?"

"एकदा. त्या दिशी नळाला पानी कुटं हुतं?"

अपेक्षाने कपाळावर हात मारला आणि हसू लागली. "साबण! आजोबा, हे फुगे मुद्दाम फोडायचे असले, की आम्ही साबणाच्याच जातीचं द्रव्य घालतो!"

रंगवलेला नमुना साबणातून काढल्याशिवाय दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा दंडक चन्नप्पाला मीच घालून दिला होता.

चन्नप्पाने त्याच लॉटचे साबण न लागलेले तुकडे रिक्षाने पाठवून दिले. अपेक्षाने ते शुद्ध पाण्यात भिजवले आणि पुन्हा दोन नळ्या लावल्या. कोऱ्या टॉवेलची नळी अंधारी राहिली. चांदीच्या टॉवेलची नळी तिने मुद्दाम बराच वेळ दिव्याखाली ठेवली. तीही अंधारी राहिली. मग तिने त्या नळीत साबणपाण्याचा एक थेंब सोडला, आणि ती क्षणात उजळली.

"बघा. फुगे आत धडधाकट होते. आत्ता फुटले."

मी हसून लगेच फोन हातात घेतला.

"आता लगेच मिरवू नका," ती म्हणाली. "कण पापुद्र्यावर नुसते बसत असतील, किंवा धाग्यातून सुटतच नसतील. या पाण्यानं पापुद्रा फाटला नाही, एवढंच कळलंय. खऱ्या पेशींवर तपासायचं बाकी आहे."

"तेवढं आज मला पुष्कळ आहे."

सुकन्येला सारे सविस्तर सांगितले. तिने मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे टॉवेल पुन्हा काढू?"

"नको. अपेक्षाचं काम पुरं होईपर्यंत लुगडंच बरं. बाळ काय करतंय?"

"झोपलंय. मघाशी भूक लागली होती त्याला."

संध्याकाळी चन्नप्पा डाइंग हाउसच्या दारातच उभा होता. त्याला सगळे समजावले. तो विचारात पडला.

"म्हंजे आता शाम्पल मळकंच द्यायचं, मास्तर?"

"मळकं नव्हे रे. बिनसाबणाचं."

"त्ये एकच की!" तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही पोटभर हसलो.