विहारातला घुमारा

आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. नेहमीचे वाचणारे यंदा मुलाकडे गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. मी जन्म घनसावंगीच्या एका वाचनालयात काढला. पुस्तकं देण्याघेण्याला आवाज लागत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी अजून मागं सरकतो. पण विहार समितीचा राजानंद म्हणाला, "तातेराव, इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसानं न्हाई वाचायचं, तर मंग कुणी?"

पहिल्या दिवशी विहार भरला होता. आठवडाभरात निम्मी माणसं उरली. मालनबाई मागच्या भिंतीजवळून ओरडायच्या, "मोठ्यानं वाचा हो! काहीच कळून न्हाई राह्यलं." मी मोठ्यानं वाचलं की आणखीच कळेना. विहार नवा, उंच छताचा, जमिनीला आणि भिंतींना सगळी चकचकीत फरशी. दोष माझाच, असं मी धरून चाललो. राजानंदला म्हणालो, "पौर्णिमेला एक सांगायचंय." काम सोडतो, एवढंच सांगायचं होतं.

तेवढ्यात माझी नात पायल सुट्टीला आली. ती विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकते. यंदा तिला एक वेगळाच विषय आहे. खऱ्या जगातला प्रश्न घ्यायचा, त्याचं गणित मांडायचं आणि कॉम्प्युटरवर ती गोष्ट घडवून बघायची. वर्गात कुणी कालव्याचं पाणी घेतलं होतं, कुणी उन्हात तापणारे पत्रे. हिला काही सुचत नव्हतं. एका संध्याकाळी ती वाचनाला बसली आणि बाहेर पडताना म्हणाली, "आबा, मला प्रश्न सापडला."

"माझा आवाज?"

"विहाराचा आवाज."

दुसऱ्या दिवशी तिनं रिकाम्या विहारात फुगा फोडून तो आवाज पार विरेपर्यंत मोबाइलवर टिपला. लांबीरुंदी मोजताना टेपचं दुसरं टोक मी धरलं. मग ती लॅपटॉपसमोर बसली ती बसलीच. शेवटी तिनं मला बोलावलं. पडद्यावर आमचा विहार नुसत्या रेघांचा झाला होता. मी बसतो तिथून बारीक ठिपके सुटत आणि भिंतींवर आपटून परत फिरत.

"तुमचा एक शब्द विरायच्या आत पुढचे दोनचार निघतात," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचलं की सगळेच मोठे होतात. फरशी आवाज परत फेकते. माणसं मात्र आवाज पितात."

"म्हणजे माणसं उठून गेली की..."

"घुमारा वाढतो. मंग आणखी माणसं उठतात."

जमिनीवर छोटे चौकोन होते, ती बसलेली माणसं. मागच्या चौकोनावर बोट ठेवून पायल म्हणाली, "ह्या मालनबाई." मग तिनं पडद्यावरच मागच्या भिंतीला गोधड्या लावल्या. ठिपके तिथं जाऊन जिरू लागले.

मला आनंद व्हायला हवा होता, झाली धास्ती. घुमारा गेल्यावरही माणसं उठली, तर मग दोष द्यायला माझ्याशिवाय कोण उरतं? मी पायलला तसं म्हणालो.

"तसं झालं तर माझ्या गणितात काय राहिलं ते मी शोधीन," ती म्हणाली. "तुमच्यात न्हाई शोधणार."

राजानंद कुरकुरला, "विहारात काय गोधड्या वाळत घालायच्या?" पण पहिली गोधडी मालनबाईंनीच आणली. "घ्या, माझी जाडजूड आहे. बघू, आवाज पिती का नुसती ढेकणं पाळती."

मागची भिंत गोधड्यांनी भरली, त्या संध्याकाळी मी वाचायला लागलो आणि माझा आवाज मलाच उघडा पडल्यासारखा वाटला. बारीक, किंचित कापरा. मी पानावरून डोळे वर काढले नाहीत. अर्धं पान झालं असेल, तोच मागून आवाज आला.

"थांबा तातेराव! मघाशी गोष्टीतल्या त्या पोराचा काका भेटाया आल्ता ना? आता वडील कुठून आले?"

मी पान पाहिलं. काकाच होता. माझी नजर घसरली होती.

"चुकलो. काकाच."

"मंग बराबर. वाचा पुढं."

मी वर पाहिलं. कुणी उठलं नव्हतं. मालनबाई भिंतीला, त्यांच्याच गोधडीला टेकून बसल्या होत्या. दाराजवळ पायल ओंजळीत तोंड लपवून हसत होती.

वाचन संपल्यावर राजानंदनं चपला घालता घालता विचारलं, "पौर्णिमेला काय सांगणार होते?"

"गोधड्या धुवायला कधी काढायच्या, ते," मी म्हणालो.