शुक्रवारचे निरोप

ठोके मोजणारी गार चकती म्हातारीच्या छातीवर चिकटवताना डॉक्टर इज्लालनं मनातल्या मनात पुन्हा हिशेब मांडला: हिला यातून मिळणार काय? अलेक्झांड्रियातले बाकीचे एकोणीस म्हातारे-म्हाताऱ्या तिच्या अभ्यासाला काही ना काही साधायला आले होते. कुणाला जाता जाता गुडघा दाखवून घ्यायचा होता, कुणाला घरच्यांच्या तोंडापासून सकाळभर सुटका हवी होती. शहाऐंशी वर्षांच्या, हज करून आलेल्या हाजा फिक्रियानं मात्र काहीच मागितलं नव्हतं.

सून सनिया कोपऱ्यात पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. वय अठ्ठावन्न, डोक्याला केशरी रुमाल. मघाशी दाराशीच तिनं इज्लालचा हात धरला होता: "माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. आईंना माहीत नाही. त्यांना वाटतं वजदी लीबियात कामावर आहे. चुकूनही बोलू नका."

आता ती म्हणाली, "आईंना घाबरवू नका हं."

"ही पोर मला काय घाबरवतेय?" फिक्रिया म्हणाली. "तू खाली जाऊन चहा पिऊन ये. तुझा चेहरा बघूनच माझा ठोका चुकतो."

सनिया गेली. इज्लालनं म्हातारीचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ठोके सरसर चढले. हात बाहेर काढला, आणि दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी. श्वास घेताना ठोके जरा घाई करत, सोडताना रेंगाळत; यंत्राच्या पडद्यावर एकामागून एक संथ, रुंद लाटा येत राहिल्या. इज्लालनं चाळिशीतल्या माणसांतही अशा लाटा क्वचित पाहिल्या होत्या. सुरुवातीला ऐकवलेले पंधरा शब्द विचारले, तर चौदा आले, तेही क्रमानं. ज्याचे मज्जातंतू धक्क्यातून पटकन सावरतात त्याचा मेंदू उशिरा म्हातारा होतो, हे ती वीस वर्षं लिहीत आली होती. आज ते तिच्यासमोर बसून चपलेचा पट्टा शोधत होतं. इज्लालचं पेन हातातच राहिलं.

"मोठा धक्का बसल्याचं विचारत नाहीस?" म्हातारी म्हणाली. "त्या कागदावर जागा असेल ना? लिही. मुलगा, वजदी. परांची कोसळली."

इज्लालनं 'मुलगा' लिहिलं. म्हातारीनं तारीखही सांगितली.

"सनियाच्या भावानं फोन केला तेव्हा मी जिन्यातच होते, सगळं ऐकलं. गच्चीवर गेले, ओल्या चादरीत तोंड घालून रडले. दुसऱ्या दिवशीही रडले. मग खाली आले तर ही रंगीत रुमाल बांधून उभी. विधवा बाई, शोकाचं काळं नेसली नाही. माझ्यासाठी. दर शुक्रवारी वजदीचा निरोप म्हणून फोनमधून वाचून दाखवते. मीही सांगून टाकलं, मला फोनवर ऐकू येत नाही. तिचीच सोय."

"सांगून का टाकत नाही, हाजा?"

"अकरा वर्षांची मेहनत तिची. फुकट गेली म्हणू?" तिनं झग्याची बटणं लावायला घेतली. "रमजानपासून एकच निरोप वाचतेय. तोच संत्र्यांचा. चार शुक्रवार झाले, तिच्या लक्षातच नाही. परवा घरची गल्ली चुकली. दवाखान्यात चल म्हटलं तर येत नव्हती. म्हणून मी आले. माझं पुरे. तिला बघ."

म्हातारी खोलीतल्या कापडी पडद्याआड चपला घालत बसली. सनिया वर आली, तेव्हा इज्लालनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "तुलना करायला घरातलं आणखी एक माणूस लागतं."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत ती बसली.

चकती लावली, तरी यंत्राच्या पडद्यावर लाट उमटलीच नाही. घाईघाईच्या, एकसारख्या ठोक्यांची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ चालली. पंधरातले चार शब्द आले. पाचवा म्हणून तिनं पहिलाच पुन्हा सांगितला.

कागदावरचा पुढचा प्रश्न इज्लालला गाळता आला असता. तिनं हळूच विचारला.

"गेल्या बारा वर्षांत जवळच्या कुणाचा मृत्यू?"

सासू बसली होती त्या कापडी पडद्याकडे सनियानं पाहिलं. ठोके उसळले, आणि उसळलेलेच राहिले.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "देवाच्या कृपेनं आमचे सगळे सुखरूप आहेत."

पडद्याआड चपलेची चाहूल थांबली.

इज्लालनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. मरण एकच. सासूच्या कागदावर 'मुलगा' आणि तारीख. सुनेच्या कागदावर त्या जागी एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली बाकीचं सगळं: सपाट ठोके, चार शब्द, चुकलेली गल्ली.