मोजणी होईपर्यंत

"चिपा कुठी इकल्या थे सांग, कोकिळे! नागपुरात का अमरावतीत?" मॅनेजर बापूराव भर ऑफिसात ओरडला.

कॉम्प्युटर सुरू करताना पडद्यावर चढत जाणारा मेमरीचा आकडा दोनशे छप्पनवरच थांबला होता. दसऱ्याआधी तो सहाशे चाळीसपर्यंत चढायचा. पुलगावच्या त्या जिनिंग सोसायटीत कॉम्प्युटर चालवणारी एकटी कोकिळा, म्हणजे चोरही तीच! मशीन उघडून बघावं, हे एकालाही सुचलं नाही. उघडून तरी काय? चिप काळी की गोरी, हे कोणाच्या बापाला ठाऊक होतं?

"मशीन काऊन खोटं बोलन?" म्हणत बापूरावानं तिला घरी बसवलं. सत्याऐंशी सालच्या त्या दिवाळीत तिची आई शकुबाई बाजारात भाजी विकायला बसली, तर गिऱ्हाईकं तोंडावर म्हणायची, "वांगे बराबर तोलजो मावशी, तुह्या घरी हातसफाई चालते म्हणे."

कापसाचा हंगाम सुरू झाला, वजनकाट्याच्या पावत्या अडल्या, तेव्हा कुठे नागपूरहून मेकॅनिक मोतीलालला बोलावलं. झाकण काढताच तो खो खो हसला.

"अबे, इथं कुंकू कोनं लावलं?"

सगळ्यांनी बापूरावाकडे बघितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, पूजा मशीनच्या पोटातच झाली पाहिजे, म्हणून बापूरावानंच झाकण काढायला लावलं होतं. कुंकवाचा अंगठा दाबला तो नेमका इवल्याशा खटक्यांच्या पट्टीवर.

"चिपा साऱ्या जागेवर हायेत," मोतीलाल म्हणाला. "आत किती माल हाये थे मशीन सोता पाहत नाई, बाप्पा. हे खटके सांगतीन तेवढंच मोजते." त्यानं रिफिलच्या टोकानं खटके सरकवले. आकडा सहाशे चाळीसवर गेला.

कोकिळेला बोलावणं धाडलं. माफीबिफी काही नाही.

"मशिनीची चूक होती. बस कामाले."

ती बसली. बटणाला मात्र हात लावला नाही.

"साहेब, इकडे या. मोजणी पाहून घ्या."

"पाह्यली ना काल!"

"आजची नाई पाह्यली. उद्या कमी भरली त माह्याच नावानं बोंब माराल."

"मी रिकामा हाव का?"

"मंग राहू द्या बंद."

बाहेर कापसाच्या बैलबंड्या खोळंबल्या होत्या. बंडीवाले आईमाईवरून शिव्या घालत होते. बापूराव दात खात उठला.

तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. आकडा रखडत रखडत चढायचा. सगळं ऑफिस बघायचं. कोकिळा पडद्याकडे ढुंकूनही बघत नसे. मान वळवून ती त्याच्याकडे बघत राहायची, आकडा थांबेपर्यंत.